दर दोन तासांनी कूस

दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरणार, हे १९४४ उजाडताना ब्रिटनमधल्या लष्करी वैद्यक खात्याने गृहीत धरलं होतं. किती जवान जखमी होऊन परततील याचे आडाखे बांधले जात होते, रुग्णालयांत खाटा वाढवल्या जात होत्या. या तयारीत एक गट असा होता की त्याचं काय करायचं हे कुणालाच उमगत नव्हतं. पाठीच्या कण्यात गोळी किंवा तोफगोळ्याची कपची घुसून कमरेखाली लुळे पडलेले जवान. त्यांच्याबद्दलचा तोवरचा अनुभव एका वाक्यात मावत होता : ते जगत नाहीत.

लंडनच्या वायव्येला एल्सबरी गावाजवळ स्टोक मँडेव्हिल नावाचं बैठ्या बराकींचं रुग्णालय होतं. तिथला एक वॉर्ड या जवानांसाठी वेगळा काढण्यात आला. तो चालवायची जबाबदारी पडली डॉ. लुडविग गुटमन या ज्यू शल्यविशारदावर. पाच वर्षांपूर्वी, १९३९च्या मार्चमध्ये, ते बायकामुलांसह जर्मनीतून निसटून आले होते. ऑक्सफर्डमध्ये त्यांचं संशोधन चांगलं चाललं होतं. ते सोडून मरणासन्न रुग्णांच्या या कामात ते स्वतःला का गाडून घेताहेत, असं त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं. १ फेब्रुवारी १९४४ रोजी वॉर्ड उघडला. पुढच्या काही वर्षांत तिथे जे घडलं त्याने जवळजवळ साडेतीन हजार वर्षांचा एक निर्णय फिरवला.

तो निर्णय इजिप्तमधला होता. १८६२ साली लक्झर शहरात एडविन स्मिथ या अमेरिकी माणसाने एक जुनी पपायरसची गुंडाळी विकत घेतली. तिचं संपूर्ण भाषांतर जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९३० साली प्रसिद्ध केलं, तेव्हा कळलं की हा शस्त्रक्रियेचा ग्रंथ आहे. ही प्रत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० सालची, मूळ मजकूर त्याहून जुना. त्यात अठ्ठेचाळीस रुग्णांचा विचार केला आहे. डोक्यापासून सुरुवात करून वैद्य खाली खाली येत जातो आणि प्रत्येक रुग्णाबद्दल शेवटी सांगतो की हा आजार मी बरा करीन, याच्याशी झुंजून पाहीन, किंवा याला उपचार करायचे नाहीत. एकतिसावा रुग्ण मानेचा मणका सरकलेला आहे. त्याला हातापायांची जाणीव उरलेली नाही आणि लघवी नकळत ठिबकते आहे. वैद्याने सगळं अचूक टिपलं आहे. मान मोडली की पाय का जातात याचं स्पष्टीकरण त्याच्याकडे नाही, पण या दोन्हींचा संबंध आहे हे त्याने ओळखलं आहे. निर्णय तिसऱ्या प्रकारचा : उपचार करायचे नाहीत.

मानेपासून कमरेपर्यंत असं काय आहे, की ते दुखावलं तर त्याखालचा सगळा देह परका होतो? मणक्यांच्या एकावर एक रचलेल्या कड्यांमधून एक पोकळ नळी तयार होते. तिच्यात मेरुरज्जू असतो. लांबी प्रौढ पुरुषात सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर, स्त्रीत थोडी कमी. जाडी करंगळीएवढी. वजन तर पस्तीस ग्रॅमच्या आसपास. त्याच्याभोवती तीन आवरणं असतात आणि आवरणांच्या मधल्या जागेत पाण्यासारखा नितळ द्रव खेळतो. मेरुरज्जू आडवा कापला तर मधोमध फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो, त्यात पेशी असतात. भोवतीचा पांढरा भाग म्हणजे वरखाली जाणाऱ्या तंतूंचे जुडगे. काही जुडगे मेंदूचा हुकूम खाली नेतात, काही स्पर्श, वेदना, उष्णता आणि सांध्यांची स्थिती यांची खबर वर पोचवतात. दोन्ही बाजूंनी मज्जातंतूंच्या एकतीस जोड्या बाहेर पडतात : मानेतून आठ, छातीच्या भागातून बारा, कमरेतून पाच, त्रिकास्थीतून पाच आणि माकडहाडाजवळ एक.

गर्भ तीन महिन्यांचा असेपर्यंत मेरुरज्जू आणि कणा सारख्याच लांबीचे असतात. मग कणा भराभर वाढतो आणि मेरुरज्जू मागे राहतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखालच्या मज्जातंतूंना आपापल्या छिद्रापर्यंत लांबून खाली यावं लागतं, म्हणून तिथे त्यांचा झुपका दिसतो. त्याला अश्वपुच्छ म्हणतात. पाठीतून पाणी काढताना डॉक्टर सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात ती याच कारणाने. तिथे मेरुरज्जू नसतो, सुईला बाजूला सरणारे तंतू तेवढे असतात.

कुठल्या उंचीवर इजा झाली यावर माणसाचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. श्वासाचा पडदा हलवणारा मज्जातंतू मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतो. त्याच्या वर पूर्ण इजा झाली तर श्वासच थांबतो. पाचवी पातळी शाबूत असेल तर खांदा उचलता येतो आणि कोपर वाकतं, सहावी असेल तर मनगट वर होतं, सातवी असेल तर कोपर सरळ करता येतं. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचलता येणं न येणं या एका पातळीवर अवलंबून असतं. छातीच्या भागात इजा झाली तर हात पूर्ण वाचतात, पाय जातात. मूत्राशयाचं आणि गुदद्वाराचं नियंत्रण अगदी तळाशी, त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या पातळीत असतं. त्यामुळे इजा वर कुठेही झाली तरी बहुधा त्यांच्यावरचा ताबा सुटतो.

यातला बराचसा नकाशा दुसऱ्या शतकातच गेलन याने आखला होता. आशिया मायनरमधल्या पर्गमम शहरात तो ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. नंतर त्याने डुकरं आणि माकडं यांच्यावर प्रयोग केले आणि मेरुरज्जू वेगवेगळ्या उंचीवर कापून पाहिला. अगदी वर कापला तर प्राणी तत्काळ मरतो. थोडं खाली कापला तर छाती हलत नाही पण श्वासपटलावर श्वास चालू राहतो. आणखी खाली फक्त मागचे पाय जातात. मधोमध उभा चिरला तर पक्षाघात होत नाही. अर्धाच आडवा कापला तर त्याच बाजूचे स्नायू लुळे पडतात. त्या प्राण्यांच्या यातनांचा विचार मनातून जात नाही, पण निरीक्षणं अचूक होती, आणि पुढची दीड हजार वर्षं त्यांत कुणी फारशी भर घातली नाही.

रुग्णाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत ॲडमिरल नेल्सन यांच्या खांद्यातून शिरलेली गोळी छातीतून जाऊन कण्यात रुतली. छातीखाली आपल्याला काहीच जाणवत नाही, हलवता येत नाही, हे त्यांनी जहाजाचे शल्यविशारद विल्यम बीटी यांना स्वतः सांगितलं. अशी लक्षणं असलेला एक खलाशी त्यांनी आधी पाहिला होता, त्यामुळे त्यांना अर्थ कळला होता. बीटींनाही कळला होता. करण्यासारखं काही नाही एवढंच ते सांगू शकले. साधारण तीन तासांनी नेल्सन गेले.

एकोणिसाव्या शतकात मात्र ज्ञानाचा वेग वाढला. लंडनच्या चार्ल्स बेल यांनी १८११ साली एक छोटी पुस्तिका खासगीरीत्या छापून मित्रांत वाटली. मेरुरज्जूला जोडलेल्या पुढच्या आणि मागच्या मुळांचं काम वेगवेगळं असावं, असा तिचा रोख होता. पॅरिसच्या फ्रांस्वा माजेंडी यांनी १८२२ साली कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून ते सिद्ध केलं : मागचं मूळ कापलं की संवेदना जाते, पुढचं कापलं की हालचाल. मग श्रेयासाठी दोन देशांत जे भांडण पेटलं ते कित्येक वर्षं चाललं. बेल यांनी आपल्या जुन्या लेखनाच्या नव्या आवृत्तीत सोयीचे बदल केले, हेही पुढे उघड झालं. भूल देण्याची पद्धत तेव्हा आलेली नव्हती. माजेंडी यांनी इंग्लंडमध्ये येऊन जिवंत प्राण्यांवर प्रात्यक्षिकं केली तेव्हा तिथे मोठा क्षोभ उसळला आणि तो रास्तच होता.

१८३३ साली मार्शल हॉल यांनी मेरुरज्जूचं दुसरं रूप लोकांपुढे ठेवलं. मुंडकं तोडलेल्या प्राण्याचा पाय टोचल्यावर मागे ओढला जातो, हे अनेकांनी पाहिलं होतं. हॉल यांचं म्हणणं असं की यात मेंदूचा संबंधच नाही. खबर मेरुरज्जूत येते आणि तिथूनच हुकूम सुटतो. प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून शाळेत आपण जे शिकतो त्याची पायाभरणी ही. म्हणजे मेरुरज्जू निरोप पोचवण्यापुरता नाही, तो स्वतःही निर्णय घेतो. मॉरिशसमध्ये जन्मलेले शार्ल एदुआर ब्राऊन-सेकार यांनी १८५०च्या सुमारास दाखवलं की मेरुरज्जू अर्धा कापला गेला तर त्या बाजूची हालचाल जाते, पण वेदना आणि उष्णता यांची जाणीव समोरच्या बाजूची जाते, कारण ते तंतू मेरुरज्जूत शिरल्याबरोबर बाजू बदलतात. त्यामुळे एक टाचणी आणि गरम-थंड पाण्याच्या दोन नळ्या घेऊन डॉक्टरला इजेची बाजू आणि उंची सांगता येऊ लागली. पुढे चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रतिक्षिप्त क्रियांचा जो सखोल अभ्यास केला त्यातून आधुनिक मज्जाशास्त्र उभं राहिलं, आणि १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

एवढं सगळं कळलेलं असूनही पहिल्या महायुद्धात पाठीत गोळी लागलेले जवान इजिप्तच्या त्या रुग्णासारखेच मरत होते. अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी फ्रान्समधल्या युद्धरुग्णालयात पाहिलं की अशा दहांपैकी सुमारे आठ जण पहिल्या काही आठवड्यांतच जातात. लंडनच्या एम्पायर हॉस्पिटलमध्ये जे थोडे अधिक काळ तगले, त्यांचा अभ्यास हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक यांनी केला. १९१७ साली त्यांनी लिहिलं की इजेनंतर काही आठवडे तुटलेल्या जागेखालचा मेरुरज्जू सुन्न असतो, मग तो हळूहळू स्वतःच्या बळावर जागा होतो. तळव्यावर नुसतं ओरखडलं तरी पाय आखडतात, घाम सुटतो, मूत्राशय आपोआप रिकामं होतं. मेंदूपासून तुटलेला मेरुरज्जू मेलेला नसतो, हे त्यांनी जिवंत माणसांत दाखवून दिलं.

मग हे जवान मरत कशाने होते? मेरुरज्जू तुटल्यामुळे थेट असं फार थोडे. मरण यायचं कातडीतून आणि मूत्राशयातून.

निरोगी माणूस झोपेतही सारखा कूस बदलत असतो, कारण एकाच जागी दाब पडला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, पेशींना रक्त मिळेनासं होतं आणि अस्वस्थपणा मेरुरज्जूतून वर पोचतो. ही खबर जाण्याची वाटच तुटली तर माणूस तासन्‌तास तसाच पडून राहतो. माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, जिथे हाड कातडीच्या जवळ असतं तिथे आधी लाली, मग फोड, मग खोल व्रण पडतो. काही दिवसांत तो हाडापर्यंत जातो आणि जंतू रक्तात उतरतात. मूत्राशयाचंही तसंच. ते भरल्याचं कळत नाही आणि रिकामं करता येत नाही. लघवी तुंबते, सडते, जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. लघवी काढायला घातलेली नळीच पुष्कळदा जंतूंची वाट बनायची. गंमत अशी नव्हे, शोकांतिका अशी होती, की शरीरशास्त्रज्ञ प्रतिक्षिप्त क्रियांचे आलेख काढत असताना रुग्ण पाठीवरच्या जखमांनी मरत होता, आणि त्या जखमा कण्याच्या दुखापतीबरोबर येणारच असं धरून चाललं जात होतं.

हे गृहीतक खोटं आहे असं काहींच्या आधीच लक्षात आलं होतं. डॉ. डोनल्ड मन्रो यांनी १९३६ साली बॉस्टनमध्ये या रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला आणि त्यांना सांभाळून घरी पाठवायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये रिडॉक यांनीच, पहिल्या युद्धाचा अनुभव गाठीशी घेऊन, वेगळ्या केंद्रांचा आग्रह धरला आणि गुटमन यांना पुढे आणलं.

गुटमन यांच्या मनात या रुग्णांचा विषय फार आधी रुतला होता. १९१७ साली, अठरा वर्षांचे असताना, ते अप्पर सायलेशियातल्या केनिग्सह्युटं गावाच्या अपघात रुग्णालयात मदतनीस होते. पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा खाणमजूर तिथे आला. टिपणं काढायला गेलेल्या गुटमन यांना सांगण्यात आलं की तसदी घेऊ नकोस, हा काही आठवड्यांत जाईल. पाच आठवड्यांनी तो गेला. पुढे ब्रेस्लाऊमध्ये ओटफ्रिड फोर्स्टर या नामांकित मज्जाशल्यविशारदाच्या हाताखाली गुटमन तयार झाले. नाझी सत्तेत आल्यावर ज्यू म्हणून नोकरी गेली, मग ते तिथल्याच ज्यू रुग्णालयात काम करू लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले त्या रात्री त्यांनी दारात येणाऱ्या प्रत्येकाला दाखल करून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेस्टापो आले तेव्हा खाटाखाटांशी जाऊन एकेकाचा आजार त्यांना समजावून सांगत त्यांनी बहुतेकांना अटकेपासून वाचवलं.

स्टोक मँडेव्हिलला पोचणारे पहिले रुग्ण प्लास्टरच्या साच्यांत बांधून आलेले असत. कणा हलू नये म्हणून तसं करत. साचा काढला की आत सडलेल्या जखमा निघत. गुटमन यांनी साचे बंद केले. रुग्णाला उशा आणि गाद्यांच्या आधाराने निजवायचं आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा बदलायची, रात्री बदलायची, सुट्टीच्या दिवशीही बदलायची. नुसतं उलटवायचं असं नाही, डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी मिळून वळवायचं, प्रत्येक वेळी कातडी तपासायची, चादरीची चुणी नाहीशी करायची, ओलं कोरडं करायचं. रात्री अवेळी गुटमन स्वतः वॉर्डात येऊन पाहत. लघवीची नळी घालण्याचं काम त्यांनी डॉक्टरांवर सोपवलं आणि निर्जंतुकपणाचे कडक नियम घातले. सल्फा औषधं आणि नव्याने आलेलं पेनिसिलिन यांची साथ मिळाली, हे खरं. तरी औषधाने दाब कमी होत नाही. त्यासाठी हातच लागतात.

वैद्यकाच्या इतिहासात डॉक्टरांची नावं राहतात. या प्रकरणात मात्र रात्री दोन, चार, सहा वाजता उठून जड देह वळवणाऱ्या परिचारिका आणि ऑर्डर्ली यांचा वाटा शोधाच्याच तोडीचा आहे. काम कंटाळवाणं, पाठ मोडणारं, आणि एक पाळी चुकली तरी आठवड्यांची मेहनत वाया घालवणारं. गुटमन हुकमी स्वभावाचे होते, त्यांच्याशी काम करणं सोपं नव्हतं. पण असा हट्टी माणूस नसता तर ती शिस्त टिकली असती असं वाटत नाही.

वॉर्डात माणसं जगू लागली तशी नवी निरीक्षणंही आली. मूत्राशय भरून ताणलं गेलं की छातीच्या वरच्या भागात इजा झालेल्या रुग्णांचं डोकं फुटायला यायचं, चेहऱ्यावर घाम फुटायचा, रक्तदाब धोकादायक वाढायचा. ऑक्सफर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांच्याबरोबर गुटमन यांनी याचा उलगडा केला आणि १९४७ साली तो प्रसिद्ध केला. मूत्राशयातला ताण तुटलेल्या मेरुरज्जूला प्रतिक्षिप्त क्रियेने चेतवतो, त्याखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि त्यांना सैल करण्याचा मेंदूचा हुकूम तुटलेल्या जागेपलीकडे पोचत नाही. छातीच्या सहाव्या पातळीच्या वर इजा असेल तर हा धोका राहतो. उपाय साधा : आधी मूत्राशय मोकळं करा. तुंबलेली नळी सोडवली की रक्तदाब मिनिटांत उतरतो. या एका माहितीने आजवर किती जीव वाचवले असतील!

जगलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय, हा पुढचा प्रश्न होता. गुटमन यांनी रुग्णालयात सुतारकाम आणि घड्याळदुरुस्तीच्या कार्यशाळा उघडल्या आणि रुग्णांना तिथे जायला लावलं. चाकाच्या खुर्चीत बसून काठ्यांनी चकती टोलवणारे जवान पाहून खेळ सुरू झाले. आधी पोलो, मग तो फार आडदांड वाटल्याने नेटबॉल आणि बास्केटबॉल. तिरंदाजीवर त्यांचा विशेष भर होता आणि त्यामागे मेरुरज्जूचं पक्कं गणित होतं. पाठीवरचा एक मोठा स्नायू दंडापासून थेट कटिभागापर्यंत पसरलेला असतो, पण त्याचे मज्जातंतू मानेच्या सहाव्या ते आठव्या पातळीतून येतात. छातीत मेरुरज्जू तुटला तरी हा स्नायू जिवंत राहतो. धनुष्य ओढताना तो घट्ट होतो, लुळ्या कटिभागाला वरच्या जिवंत भागाशी बांधतो आणि बसण्याचा तोल परत मिळवून देतो.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा माजी सैनिक तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. त्यांत दोन स्त्रिया होत्या. १९५२ साली हॉलंडचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली ती रोमला गेली, तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू घेऊन. पॅरालिंपिकचा इतिहास तिथून मोजतात.

१९७२ साली ही स्पर्धा जर्मनीत हायडलबर्गला झाली. म्युनिकमध्ये ऑलिंपिक झालं होतं, पण तिथलं क्रीडाग्राम लगेच घरं म्हणून द्यायचं असल्याने हे खेळाडू हायडलबर्गला गेले. याच गावातल्या लष्करी रुग्णालयात डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेचे जनरल जॉर्ज पॅटन मोटार अपघातात मान मोडून बारा दिवसांत वारले होते. सत्तावीस वर्षांनी तिथल्या तलावात पन्नास मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्णपदक सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी जिंकलं. वेळ ३७.३३ सेकंद, त्या गटातला जागतिक विक्रम. वैयक्तिक स्पर्धेत भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. लष्कराच्या इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनियर्स दलातला हा मुष्टियोद्धा १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाला होता. पाण्यात उतरायला तो उपचारांच्या काळात शिकला. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळांना त्यांचं नाव २०२४च्या ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटातून प्रथम कळलं. आपल्या क्रीडाजगताने इतकी वर्षं हे नाव बाजूला ठेवलं, याची खंत वाटते.

त्याच युद्धात मेजर हरिपालसिंग अहलुवालिया यांच्या मानेला गोळी लागली. काही महिन्यांपूर्वी, २९ मे १९६५ रोजी, ते एव्हरेस्टच्या शिखरावर उभे होते. उपचारांसाठी ते स्टोक मँडेव्हिललाच गेले. तिथे जे पाहिलं ते भारतात असायला हवं, या ध्यासातून त्यांनी पुढे दिल्लीत वसंत कुंज इथे इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं केलं. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांनी त्याही आधी वाट घालून दिली होती. १९५४ साली मोटार अपघातात त्यांचे पाय गेले. त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या, अमेरिकेत पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं, आणि परत येऊन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पुनर्वसन विभाग सुरू केला.

महाराष्ट्रात हा धागा खडकीत येऊन पोचतो. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय जवानांना हाताला काम शिकवायला १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. ते पुढे पुण्याजवळ खडकीला आलं. १९६५ आणि १९७१ या युद्धांनंतर, १९७४ साली, खडकीतच कणा दुखावलेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. कमरेखाली किंवा मानेखाली लुळे झालेले माजी सैनिक तिथे राहतात, खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, स्पर्धांना जातात, काही जण तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात.

लष्कराबाहेरच्या माणसाच्या वाट्याला मात्र अशी केंद्रं क्वचितच येतात. आपल्याकडे कणा मोडतो तो जास्त करून रस्त्यावर, नाहीतर उंचावरून पडून : झाडावरून, विहिरीत, बांधकामाच्या परांचीवरून. पहिला घात पुष्कळदा मदत करणाऱ्यांच्या हातूनच होतो. चार जण हात-पाय धरून उचलतात, मान लोंबते, आणि मोडलेला मणका उरलेल्या मेरुरज्जूवर सरकतो. मान न वाकवता, सपाट फळीवर, सगळं अंग एकसंध उचललं असतं तर पायांची थोडी ताकद वाचली असती अशी माणसं प्रत्येक जिल्हा रुग्णालयात भेटतील. घरी आल्यावर वॉर्डातली ती रात्रपाळी आईकडे किंवा बायकोकडे येते. ती मजुरी करून दमलेली असते, तिला बदली मिळत नाही, आणि कूस बदलायला कसं वळवायचं हे तिला कुणी धड शिकवलेलंही नसतं. स्टोक मँडेव्हिलमध्ये जे ज्ञान मिळालं ते महाग यंत्राचं नव्हतं. ते प्रत्येक तालुक्यापर्यंत पोचवणं आपल्याला परवडण्यासारखं होतं आणि आहे, म्हणून ही हयगय अधिक टोचते.

मूत्राशयाचा प्रश्नही असाच स्वस्तात सुटला. मिशिगनमधल्या ॲन आर्बरचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली सांगितलं की कडक निर्जंतुकपणापेक्षा मूत्राशय वेळेवर रिकामं होणं महत्त्वाचं. रुग्णाने स्वच्छ धुतलेल्या हातांनी दिवसातून ठरावीक वेळा स्वतःच नळी घालून लघवी काढावी. सुरुवातीला अनेकांना ते पटलं नाही. आज जगभर हीच पद्धत शिकवतात आणि मूत्रपिंडं वाचतात.

तुटलेला मेरुरज्जू पुन्हा जोडण्याची आशाही जिवंत आहे. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निष्कर्ष काढला होता की प्रौढ मेंदू आणि मेरुरज्जू यांतले तंतू पुन्हा वाढत नाहीत. १९८१ साली मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युअल डेव्हिड यांनी उंदरांत दाखवलं की पायातल्या मज्जातंतूचा तुकडा पुलासारखा बसवला तर हेच तंतू त्यातून वाढतात. वाढण्याची क्षमता त्यांच्यात असते, भोवतालची जागा त्यांना अडवते. २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी कमरेच्या भागात मेरुरज्जूवर विजेचे सूक्ष्म झटके देणारी पट्टी बसवली, आणि काही वर्षं लुळ्या असलेल्या रुग्णांनी आधाराने पावलं टाकली. हेड आणि रिडॉक यांनी जो जागा मेरुरज्जू पाहिला होता त्यालाच ही पट्टी कामाला लावते. हे रुग्ण मोजके आहेत, प्रत्येकाच्या इजेचं स्वरूप वेगळं आहे, आणि चालता आलं तरी मूत्राशय आणि कातडीची संवेदना परत येईल असं नसतं. त्यामुळे पट्टी बसवलेला असो वा नसो, कणा दुखावलेल्या प्रत्येक माणसाला घरी पाठवताना परिचारिका दोन गोष्टी आधी शिकवून घेतात : खुर्चीत बसल्यावर थोड्या-थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन स्वतःला उचलायचं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याच्या आरशात आपली पाठ आणि बैठक नीट पाहून घ्यायची.